बॅटरीला थंडी लागते

"करंट घेतच न्हाई," मोबाइलकडे बघत दत्तोबा म्हणाला. "शून्याच्या खाली गेलंय बॅटरीचं तापमान."

विलासनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला, आकडा पाहिला आणि परत दिला. चाकणजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे अठरा तापमान होतं. मटारचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक रिकामी खोली चाचणीसाठी चालू केली होती. दत्तोबाचा भाचा तिथं सुपरवायझर, म्हणून त्यांना ती रात्रभर वापरायला मिळाली होती. बॅटरीची पेटी काल संध्याकाळीच आत ठेवली होती. सकाळी येऊन चार्जर जोडला, तर ही गत.

दोघांनी एकाच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. बाकडी, कपाटं, छोटा ओटा हे दत्तोबाचं काम. टपावरची सोलर पॅनेल आणि सगळं वायरिंग विलासचं. जानेवारीत हिमाचलात, पार वर स्पितीला जायचं, बर्फात गाडी उभी करायची आणि आत बसून चहा प्यायचा, असं ठरलं होतं. बर्फ दोघांनीही पाहिलेला नव्हता. विलासनं तर ध्यासच घेतला होता. कंपनीत असल्यापासून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तो मोबाइलवर बर्फातल्या गाड्या दाखवायचा.

अडचण एकच होती. लिथियमची बॅटरी गोठणाऱ्या थंडीत चार्ज केली तर कायमची खराब होते. म्हणून तिच्यातलं सर्किटच करंट आत येऊ देत नाही. मग टपावर कितीही ऊन पडो, गाडीत अंधार. त्यासाठी विलासनं पेटीला आतून जाड थर्माकोल लावला होता आणि बॅटरीखाली हीटरची तापणारी चटई बसवली होती. दोन महिने त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"हीटर चालला न्हाई म्हणायचा," दत्तोबा म्हणाला. एवढं बोलतानाही त्याला धाप लागली. "थंडीनं दम लागतोय," लगेच तोच म्हणाला.

"तू बाहेर उन्हात बस. पेटी मी आणतो."

पेटी गाडीत चढवून विलास त्याच्याशेजारी पायरीवर येऊन बसला.

"दुसरा हीटर बसवला तर?" दत्तोबानं विचारलं.

"बसवू की. पण तिथं वर तोही बंद पडला तर काय करायचं? मदतीला कोण येणार?"

दत्तोबानं कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग ऱ्हाऊ दे राव," तो हळूच म्हणाला. "कोकणात जाऊ. हर्णैला. तिथं काय बॅटरीला थंडी लागायची न्हाई."

विलासनं सुस्कारा सोडला. "एवढं सगळं केलं आपण..."

"तू वाईट वाटून घेऊ नगंस. माझं काय, मी कुठंबी येतो." दत्तोबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. परतताना चाकण चौकात गाडी अडकली तरी तो कुरकुरला नाही. उलट हर्णैला कुठं उतरायचं, काय खायचं, याचेच बेत सांगत बसला. कित्येक आठवड्यांनी तो इतका बोलला.

चिंचवडला घरी पोचल्यावर विलासच्या बायकोनं, कस्तुरानं, त्याच्यापुढं चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. तिला पटेना.

"अहो, एवढा खटाटोप केलात आणि एका हीटरपायी हार मानलीत? हे काही तुमचं लक्षण नाही."

"हीटर चांगला आहे," विलास म्हणाला. "काल पेटी बंद करताना मीच त्याची वायर काढून ठेवली."

कस्तुरानं हातातली किटली खाली ठेवली.

"मागच्या आठवड्यात मैत्रीचा फोन आला होता. दत्तोबाच्या लेकीचा. त्याचं हृदय बरंच कमजोर झालंय. उंचावर पाऊलही टाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. हा घरात सांगून बसलाय, 'विलासला कळता कामा नये, मी नाही म्हटलं तर तो एकटा जायचा नाही.'"

"मग सरळ बोलायचं त्यांच्याशी."

"बोललो असतो तर हट्टानं आला असता. मला ठाऊक आहे तो."

कस्तुरा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तिनं विचारलं, "आणि तुमचा बर्फ?"

विलासनं बशीत चहा ओतला.

"हर्णैच्या बंदरावर असतो की," तो म्हणाला. "मासळीवर. ढिगानं."