लांबचं दुकान

मकोखाने टोमॅटो अंगठ्याने दाबून पाहिला. मऊ होता. त्याने दुसरा दाबला. तोही तसाच.

"बाबा, दाबू नका. तशी पाटी लावलीय तिथं," नालियाका म्हणाली.

"दाबल्याशिवाय कळतं का? तुझी आई म्हणायची, इथली भाजी ताजी असते. ही ताजी?"

सकाळपासून बापलेकीचं हे तिसरं दुकान. घराजवळच्या दुकानात पीठ स्वस्त होतं. बाजारापाशी बिनखड्याचा तांदूळ होता, आणि साबण तर हवा तो निवडा. इथं दोन मटाटू गाड्या बदलून यायचं, तर उगाली शिजवायचं मक्याचं पीठ एकाच कंपनीचं, तेही सगळ्यांत महाग. दुधाची जुनी पाकिटं मुद्दाम पुढं मांडलेली.

"भाव चढा, माल कमी, आणि चवीचं नावच नको," नालियाका म्हणाली. "किटालेत एवढी दुकानं असताना आई दर शनिवारी इथंच का यायची? इथं तर आपल्याला कुणी ओळखतही नाही."

बायकोला, अग्नेटाला, माती दिल्यापासून मकोखाला हेच खात होतं. ती असताना त्याने कधी विचारलं नव्हतं. शनिवारी ती कानात डूल घालून निघायची. परत यायची ती तोंडातल्या तोंडात गुणगुणत. पीठ आणायला डूल कोण घालतं?

मटणाच्या काउंटरमागे एक उंच माणूस उभा होता. मिशी कोरलेली, पांढरी टोपी किंचित तिरकी. समोरच्या बाईला काहीतरी सांगून हसवत होता. ती बाई गेल्यावर मकोखा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काय देऊ, बाबा? बोकड सकाळीच कापलाय."

"तू इथं किती वर्षं आहेस?"

"वर्षं कसली? मागच्या महिन्यात लागलो. का, मुलगी द्यायचा विचार आहे?"

"तुला बकरीसुद्धा देणार नाही," मकोखा म्हणाला आणि पुढे सरकला. त्या माणसाच्या आधी इथं कोण होतं, हे विचारायचं राहिलं म्हणून तो पुन्हा थांबला. मग निघालाच.

नालियाका तेलाचे भाव बघायला गेली. मकोखाने सुकुमाच्या पाल्याच्या जुड्या उचलल्या आणि भाजी तोलणाऱ्या बाईपुढे पिशवी ठेवली. पिशवी अग्नेटाची होती, वाखाची, एका बंदाला लाल चिंधी शिवलेली.

बाई डोक्याला फडकं बांधून स्टुलावर बसली होती. तिने जुड्या काट्यावर ठेवल्या. मग पिशवीचा बंद हातात घेऊन उलटसुलट केला.

"ही सिमियूच्या आईची पिशवी."

मकोखाने मान वर केली.

"म्हणजे तुम्ही सिमियूचे बाबा. बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत त्या. माझ्यावर रागावल्या की काय?"

"गेली ती," मकोखा म्हणाला. "पावसाच्या आधी."

बाईने बंद हळूच खाली सोडला. जुड्या तशाच काट्यावर राहिल्या.

"वाईट झालं. फार वाईट झालं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि पोरगा? सावरला का? त्याचा आईवर फार जीव. मोम्बासाला बंदरात नोकरी लागली त्याला, तेव्हा माझ्या हातावर लाडवाएवढा गुळाचा खडा ठेवला होता त्यांनी. म्हणाल्या, शेजारीपाजाऱ्यांना सांगायच्या आधी तुला सांगते."

सिमियू, त्यांचा पहिला मुलगा, चालायला लागायच्या आत तापाने गेला होता. पुढे नालियाका झाली, आणि सगळी वस्ती अग्नेटाला नालियाकाची आई म्हणू लागली. घरात पहिलं नाव कुणी घेत नसे. घ्यायचं नाही असं कुणी म्हटलंही नव्हतं.

"सावरतोय," मकोखा म्हणाला.

"तुमच्यासारखाच उंच आहे म्हणे."

"माझ्याहून थोडा जास्तच."

"बघा. आणि लग्नाचं?"

"बघतोय आम्ही. त्याला घाई नाही."

"या पोरांना कधी असते?" म्हणत बाईने मागे वळून बोटाएवढ्या केळ्यांची एक फणी काढली आणि न विचारता काट्यावर ठेवली. "ही त्याची. तुम्ही विसरलात. त्या कधी विसरायच्या नाहीत."

मकोखा केळ्यांकडे बघत राहिला. दर शनिवारी ही केळी घरी यायची. अग्नेटा खात नसे. नालियाका हात लावत नसे. तुम्हीच खा, म्हणायची अग्नेटा, आणि शेवटचं केळं संपेपर्यंत समोर बसून राहायची.

नालियाका रिकाम्या हाताने परत आली.

"तेलही महाग. ठरलं तर मग, बाबा. पुढच्या शनिवारपासून घराजवळचं दुकान." तिचं लक्ष फणीकडे गेलं. "आणि ही कशाला घेतली? डाग पडलेत बघा. तिकडं अर्ध्या भावात मिळतात."

मकोखाने फणी दोन्ही हातांत घेतली आणि पैसे द्यायच्या रांगेकडे चालू लागला. नालियाका त्याच्यामागून भाव सांगत राहिली.

"सिमियूचे बाबा," मागून बाईने हाक मारली. "पिशवी राहिली."

कुणाला हाक मारतेय म्हणून नालियाका इकडेतिकडे पाहू लागली.

मकोखा वळला.