डाव्या हाताचं काम

गोळी सुटताच लाकडी ठोकळ्यावर टेकवलेली रायफल उसळली, तसा हेमांगीने वैतागून तो ठोकळाही बाजूला सारला. त्याआधी लोखंडी स्टँड झाला होता. त्यात रायफल जराही हलत नव्हती, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. उद्या स्पर्धा, आणि अजून आधारच ठरत नव्हता.

अपघातापूर्वी तिला आधार कधी लागलाच नव्हता. डावा हातच रायफल पेलायचा. आता त्याच्यात मुठीपुरतीच ताकद उरली होती आणि तो मांडीवर नुसता पडून असायचा. उठून सरळ घरी जावं, असं तिला सारखं वाटत होतं.

दळवी सरांनी रायफलच्या पुढच्या भागाखाली वाळूची पिशवी ठेवली आणि एक लहान पिशवी मागे दस्त्याखाली सरकवली.

"डाव्या हाताने ही मागची धर."

"सर, त्याने काही उचलत नाही."

"उचलायचं कुठेय? नुसती आवळ."

तिने पिशवी आवळली. दस्ता केसभर वर आला आणि नेम खाली उतरला. मूठ सैल केली, तसा तो वर चढला. आवळत, सोडत तिने नेम मधोमध आणला आणि चाप ओढला. गोळी थेट दहाच्या वर्तुळात लागली.

"वा! पण स्टँड जास्त पक्का आहे हं," सर म्हणाले. "उद्या तोच घेऊ या?"

हेमांगीने पिशवी अजून सोडली नव्हती.

"नको सर. त्याला माझा डावा हात लागत नाही."