एका मिनिटाचा विचार

जुन्या संगणकाचा पंखा तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा मुलीने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"आई, हा आता गेल्यात जमा आहे."

"मग ते कुठे जातील?"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी याच संगणकावर बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो हुबेहूब आपल्यासारखा खेळेपर्यंत ते त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. उंट उगाच लवकर बाहेर काढायची तीच सवय, तीच वजिराची हौस. प्रत्येक खेळीला एक मिनिट.

आई रोज चार वाजता लाकडी पट मांडून त्याच्याशी खेळायची आणि हरायची. सातशे अकरा डावांत एकही विजय नाही. शेवटाकडे ती चष्मा काढून पुसायची आणि पुढची खेळी हमखास चुकायची. "तुझ्या आईला घोड्याची अडीच घरं कळतात, तेवढं पुरे," असं बाबा म्हणायचे. आई हसायची.

मुलीने प्रोग्रॅम नव्या संगणकावर घेतला. अडचण वेगाची होती. नवा संगणक बत्तीस पट वेगवान, म्हणजे पाच वेळा दुप्पट. दर दुपटीला खेळ मानांकनाच्या साधारण पन्नास गुणांनी तगडा होतो. मिनिटभर विचार करू दिला, तर समोर बाबा उरणार नाहीत. त्यांना सहज लोळवणारा कोणीतरी बसेल. म्हणून तिने विचाराला दोनच सेकंद दिले.

पहिल्याच उत्तराला आईने हात मागे घेतला. "ते असे फटाफट खेळत नाहीत गं."

मग मुलीने उरलेले अठ्ठावन्न सेकंद नुसतं थांबायची सोय केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आईने समोरची रिकामी खुर्ची जराशी मागे ओढली. बाबांच्या पायांना जागा लागायची. मुलगी स्वयंपाकघरातून कानोसा घेत होती. एरवी आई डावभर संगणकाशी बोलायची. आज ती गप्प होती. तासाभराने मुलीने डोकावून पाहिलं, तर चष्मा अजून नाकावरच.

"एकतीस खेळ्यांत मी मात केली," आई म्हणाली.

बाबांना आपण फारच कच्चं करून ठेवलं, असं वाटून मुलगी प्रोग्रॅम ओळीओळीने तपासायला बसली. चूक सापडली, पण उलटीच. थांबायच्या अठ्ठावन्न सेकंदांतही प्रोग्रॅम विचार करतच होता.

"आई, तो कच्चा नव्हता. पूर्ण मिनिट विचार करत होता. बाबांपेक्षा कितीतरी भारी होता. तू त्याला हरवलंस कसं?"

आई सोंगट्या एकेक करून डब्यात ठेवत होती.

"समोर ते नाहीत, हे मला सातव्या खेळीलाच कळलं," ती म्हणाली. "मग परक्याला कशाला जिंकू द्यायचं?"