भुयार मोकळं आहे

“माझ्या बाबांनी स्वतः आत जाऊन पाहिलंय. बिनधास्त चला!” पोरगी चार पर्यटकांना सांगत होती. बाप मागे उभा राहून हवेचे सिलिंडर मोजत होता. सहाच होते, तरी त्यानं ते तिसऱ्यांदा मोजले.

“बाबा, तुम्हीही चला ना. माझी पहिलीच खेप आहे.”

“कान दुखतोय अजून,” तो म्हणाला.

“बरं, पण पाणी राहिलंय का कानात? औषध घाला हं.” आणि ती उडी मारून बोटीत चढली. गाइडचा नवा कोरा शर्ट, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पर्यटकांपैकी एक बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “नशीबवान आहात हो!” त्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

कान ठणठणीत होता. दुखणं वेगळंच होतं.

या किनाऱ्यावर बुडी मारायच्या जागा डझनभर, पण लोक येतात ते भुयारासाठी. पाण्याखालच्या खडकाच्या पोटातून आरपार गेलेलं, चाळीस हात लांब आणि जेमतेम एका माणसाच्या अंगापुरतं. एकदा शिरलं की पलीकडूनच बाहेर पडायचं, मधे वळायला जागा नाही. समुद्र खवळतो त्या चार महिन्यांत कधी आत वाळू साचते, कधी फाटकं जाळं अडकून बसतं. म्हणून हंगाम उघडण्याआधी दोन जाणत्या पाणबुड्यांनी वेगवेगळं आत जाऊन बघायचं आणि बंदराच्या ऑफिसातल्या कागदावर सही करायची, असा नियम. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची आहेच.

यंदाचे दोन जाणते म्हणजे तो आणि त्याचे सासरे.

गेल्या हंगामात भुयाराच्या मधोमध त्याची बॅटरी विझली होती. चाचपडत बाहेर आला खरा, पण तेव्हापासून त्या काळ्या तोंडासमोर गेलं की छातीवर धोंडा बसायचा. परवा तपासणीला गेला तेव्हाही तेच. वीस मिनिटं तोंडाशी दोर धरून बसला, समोरून जाणारे मासे बघितले आणि वर आला. एवढा बाप्या माणूस, आणि अंधाराला भ्याला! बोटवाल्यानं विचारलं, “कसंय?” हा म्हणाला, “मस्त.”

सही मात्र त्यानं लगेच केली नाही, तेवढी लाज शिल्लक होती. त्याच दिवशी सकाळी सासऱ्यांचीही होडी भुयारावर जाऊन आलेली साऱ्या बंदरानं पाहिली होती. त्यानं त्यांना फोन लावला.

“मामा, भुयाराचं काय?”

“काय व्हायचंय त्याला? आहे तसंच असणार. तुम्हाला कसं वाटलं?”

“मलाही तसंच.”

“मग मोकळं लिहायचं?”

“लिहा ना,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं ऑफिसात जाऊन सही केली. मामांनी पाहिलंय म्हणजे देवानं पाहिलंय. त्याला बुडी शिकवली ती याच माणसानं.

तेव्हा काळजी भुयाराची नव्हती. प्रश्न अब्रूचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं दोन दिवस रेटले. पण आज पोरीच्या तोंडून ते ‘स्वतः आत जाऊन’ ऐकलं आणि अन्नावरची वासनाच उडाली. संध्याकाळी ती परत येईल, आनंदानं सगळं सांगेल आणि आपण कुठल्या तोंडानं ऐकायचं? आधी मामांना सांगू, मग तिला. बोट नजरेआड झाली तसा तो बंदराच्या दुसऱ्या टोकाला निघाला.

सासरे दुकानात बाकावर बसून मास्कच्या काचा पुसत होते.

“या, जावईबापू! आज सकाळीच वाट चुकलात?” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “दहा वाजून दहा. भरती संपून पाणी थांबलंय. नात एव्हाना शिरली असेल भुयारात. माझ्यावर गेलीय कार्टी, ऐकायची नाही!”

तो बसला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

“मामा, मला माफ करा. मी आत गेलोच नव्हतो.”

“कुठे आत?”

“भुयारात. भीती वाटली. तोंडाशीच बसून राहिलो आणि वर आलो. खोटी सही केली मी.” “तुम्ही मला घडवलंत, आणि मी तुमच्या नावाला काळिमा फासला. पोरीला काय तोंड दाखवू?”

मास्क पुसणारा हात थांबला. सासऱ्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. शिव्या येतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

“शिव्या द्या, मामा. जोडे मारा. मोठं पाप टळलं ते तुम्ही आत जाऊन आलात म्हणून. नाहीतर आज मी पोरीला पाठवलं असतं का?”

सासरे उठायला गेले, पण पुन्हा बाकावरच बसले.

“जावईबापू, डॉक्टरनं मला दोन वर्षांपूर्वीच बुडी बंद केलीय. लाजेपायी कुणाला बोललो नाही. होडी नेतो आणि तशीच आणतो... मी तर तुमच्या भरवशावर सही केली.”