बेंबीच्या उजवीकडे

"मूत्राशय काढायचंच आहे, त्यात आता बोलण्यासारखं काही नाही," डॉक्टर सुब्रमण्यम म्हणाले. "लघवी कुठून जाऊ द्यायची, एवढंच तुम्ही सांगा."

तंजावरच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि अकरा जण कान टवकारून ऐकत होते. बारावे सीतारामराव.

डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, पेनानं फुली मारली. इथे भोक पाडायचं, त्यावर पिशवी चिकटवायची, जन्मभर. चांगल्या पिशव्या आता मद्रासला मिळतात, चार वर्षांपूर्वी मिळत नव्हत्या. दुसरा मार्ग म्हणजे मूत्रनळ्या मोठ्या आतड्याला जोडायच्या. मग सगळं शौचावाटेच जाईल, बाहेर काही दिसणार नाही.

"पण घाण वर चढते. तुमची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत. दोन वर्षं, फार तर तीन."

"दुसरं करा," सीतारामराव म्हणाले.

"मी काय सांगितलं, ऐकलंत ना?"

"ऐकलं. मी रोज मडीत, सोवळ्यात, ओल्या धोतरानं पूजा करणारा माणूस. पोटावर मुताची पिशवी बांधून देवाला हात लावू? माझ्या अप्पांचं, वडिलांचं श्राद्ध करू? अय्यो, त्यापेक्षा मेलेलं बरं!" त्यांचा आवाज फुटला. अंगठ्याला थुंकी लावून ते फुली पुसायला लागले.

माणूस भलता हट्टी. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, बायको भामा तर नाहीच नाही. ती आता खाटेजवळ आली आणि तमिळ सोडून घरच्या मराठीत बोलली, निदान बाकीच्यांना कळू नये म्हणून.

"अहो, महिन्याचे चार दिवस तुम्ही मला मागल्या पडवीत बसवलंत. देवघर नाही, चूल नाही, पाण्याच्या कुडाला, घागरीला हात नाही. तीस वर्षं."

"ते निराळं."

"काय निराळं? सोळा वर्षांची होते मी. लाजेनं जीव नकोसा झाला होता. एकदा विहिरीच्या काठावर जाऊन उभीही राहिले." रागानं तिचे ओठ थरथरत होते, आणि भीतीनंही.

सीतारामरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा अंगठा पोटावर तसाच राहिला.

भामानं तो धरून बाजूला केला.

"पिशवी लावून घ्या," ती म्हणाली. "बाहेर बसून कुणी मरत नाही. मी मेले का?"