तीन माणसांची खोली

“घरात माणसं किती?” रॉइस टॅकेटने फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.

“तीन,” लिओटा हॅस्क्यू म्हणाली.

“तीन? तुम्ही, सूनबाई कोरिन, नात टिली… आणि ड्वेन?”

“ड्वेन ट्रकवर असतो. वादळ येईल तेव्हा कुठल्या रस्त्यावर असेल, देव जाणे. तू तीनच लिही.”

रॉइसने तीन लिहिलं. ओक्लाहोमातल्या त्या लहानशा गावात घरी वादळ-निवारा बसवायला अनुदान मिळायचं, आणि त्याचे सगळे अर्ज रॉइसच्याच हातून जायचे. खर्चाचा पाऊण वाटा सरकारचा, पाव घरमालकाचा. घर लिओटाच्या नावावर होतं.

“एक विचारू, मावशी? भोंगा वाजला की सगळं गाव तळघरात पळतं, आणि तुम्ही ओसरीवर खुर्ची टाकून आभाळ बघत बसता. आता एकाहत्तराव्या वर्षी ही भीती कुठून आली?”

“काहींना भीतीसुद्धा उशिराच येते, बाबा. सही कुठे करू?”

अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या काढत. मार्चमध्ये लिओटाची चिठ्ठी निघाली. आपल्या वाट्यासाठी तिने नवऱ्याची मासेमारीची बोट विकली. तो गेल्यावर सात वर्षं तिने त्या बोटीला कुणाला हात लावू दिला नव्हता. शेजारीपाजारी हळहळले, पण तिने बोट नेणाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी माणसं आली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजात पोलादी खोली उभी करून गेली. कपाटाहून थोडी मोठी, फरशीला जाडजूड बोल्टांनी जखडलेली. आत एक बाक, दाराला तीन कड्या.

तपासणीला रॉइस आला तेव्हा ड्वेन घरीच होता. त्याने हसतमुखाने दार उघडलं, गोड थंड चहाचा ग्लास पुढे केला.

“बघ रे बाबा, नीट बघ,” तो म्हणाला. “आमच्या आईने जन्मभर वादळाला शिव्या घालून माघारी धाडलं. आता या घाबरट बाईने तिलाही बिघडवलंय.” त्याने कोरिनच्या खांद्यावर हात ठेवला. कोरिन हसली.

टिली टेबलाखाली अंग चोरून बसली होती.

“काय गं, तिथे काय करतेस?” रॉइसने वाकून विचारलं.

“वादळ आलं की कुठे बसायचं ते शिकतेय,” लिओटानेच उत्तर दिलं. “चल, मी तुला खोली दाखवते.”

गॅरेजात तिने दार आपल्यामागे ओढून घेतलं.

“आतून कड्या घातल्या की बाहेरून कुणाला उघडता येत नाही ना?”

“छे! वाऱ्याने मोटार उचलून आपटली तरी दार जागचं हलायचं नाही.”

“आणि आतून फोन लागतो?”

“झरोक्याजवळ उभं राहिलात तर लागतो. तुमचा पत्ता मदत केंद्राच्या यादीत घातलाय. घर पडलं तरी कुठे शोधायचं ते त्यांना ठाऊक असेल. आता निवांत झोपा, मावशी.”

पण त्या घरात निवांत कुणी झोपत नव्हतं. कोरिन दिवसातून दहादा खिडकीशी जायची. कुठे खट्ट वाजलं तरी तिचा श्वास अडकायचा. टिली बूट घालूनच अंथरुणात शिरायची, आणि लिओटा तिला ओरडायची नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळपासून टीव्हीवर लाल ठिपक्यांचे नकाशे होते. संध्याकाळपर्यंत चक्रीवादळाची शक्यता. शाळा लवकर सोडल्या. कोरिन घेवडा शिजवत होती, पण तिचं लक्ष चुलीकडे नव्हतं.

तीनच्या सुमारास खिडकीशी उभी असलेली लिओटा एकदम वळली.

“टिलीला घे. आत चला. आत्ता.”

कोरिनने टिलीला उचललं. घेवडा तसाच रटरटत राहिला. तिघी आत शिरल्या. लिओटाने पहिली कडी सरकवली, मग दुसरी.

आधी स्वयंपाकघरात काहीतरी कोसळलं. मग काचा फुटल्या. खुर्ची भिंतीवर आदळल्यासारखा आवाज झाला. टिलीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

मग दारावर मुठी बसू लागल्या.

“आई! दार उघड! आई, मी आहे!”

कोरिन ताडकन उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “आई, तो बाहेर आहे. उघडू या. नाही उघडलं तर…”

“बस खाली.”

“आई गं, ऐक ना!” बाहेरचा आवाज आता रडवेला झाला होता, लहानपणी पडल्यावर यायचा तसा. “मला आत घे!”

लिओटाचा हात तिसऱ्या कडीवर होता. “माझं लेकरू आहे ते,” ती पुटपुटली. मग तिने डोळे मिटले आणि कडी पुरती सरकवली.

पोलादावर काहीतरी जड येऊन आदळलं. सगळी खोली घंटेसारखी घुमली. पुन्हा आदळलं. टिली किंचाळली.

लिओटाने झरोक्याजवळ फोन धरला. पलीकडे मदत केंद्रातली मुलगी होती.

“हॅस्क्यूंचं घर. निवाऱ्यात आहोत, तिघी,” लिओटा म्हणाली. “लवकर या.”

“निवाऱ्यात?” मुलगी गोंधळली. “आजी, वादळाचा इशारा तर तासाभरापूर्वीच मागे घेतला. सगळ्या जिल्ह्यात लख्ख ऊन पडलंय.”

“इथेही लख्ख ऊन आहे, पोरी. पोलीस पाठव. आणि त्यांना सांग, माझ्या मुलाच्या हातात कुऱ्हाड आहे.”