दार आणि खिडकी

"ही मिठाची बाटली म्हणजे तू," सर म्हणाले, "आणि ही साखरेची वाटी म्हणजे भिंगरी. आता सांग, मी 'दार' म्हटलं की तू कुठे जायचं?"

संघातली सगळ्यात उंच, म्हणून सगळे जिला शिडी म्हणत, त्या पोरीने बाटली उचलली आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. "बाहेर. मला राखणारी समोरच्या संघातली मुलगी माझ्यामागे येते, आतली जागा मोकळी होते. भिंगरी आत घुसते, चेंडू तिला. ती उडी मारून बास्केट करते."

"आणि 'खिडकी'?"

"उलटं. मी आत वळते, भिंगरी बाहेर पळते. चेंडू मला."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी दोन्ही अगदी सारख्याच. मी वाटेत खांबासारखी उभी राहते, भिंगरी मला घासून वळते. तोवर समोरच्यांना काही कळत नाही."

सरांनी कपाळावर हात मारला. पोरीला सगळं तोंडपाठ होतं! मग मैदानावर कुठे माशी शिंकायची? 'खिडकी' म्हणा, शिडी बिनचूक. 'दार' म्हणा, ही बया आत वळणार आणि भिंगरीची वाट अडवून उभी राहणार. सरांचं समजावून झालं, ओरडून झालं, जमिनीवर खडूने बाण काढून झाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

भिंगरी ही सरांची एकुलती एक लेक. लहानपणापासून पाय म्हणून घरात ठरायचा नाही, त्यावरून हे नाव पडलं. रविवारच्या अंतिम सामन्याला निवड समितीच्या बाई येणार होत्या, आणि मोठ्या संघात एकाच मुलीची जागा होती. भिंगरीसारखी उडी या संघात दुसऱ्या कुणाची नव्हती. पण ती दिसणार कधी? 'दार' नीट जमलं तर ना! या विचाराने सरांची झोप उडाली होती.

लेक मात्र निवांत होती. आताही एवढ्या उकाड्यात लांब पँट घालून, पाय उशीवर टाकून ती सोफ्यावर पडली होती. सरावातही हल्ली हातचं राखून खेळायची. "सामन्यासाठी दम राखतेय, बाबा," म्हणायची. पोरीला वयाच्या मानाने किती समज, असं सरांना वाटायचं.

"सर," शिडी चाचरत म्हणाली, "रविवारी 'दार' नकोच ना. आपली 'खिडकी' छान जमते."

"छानच जमणार. त्यात चेंडू तुला मिळतो."

शिडीने मान खाली घातली.

"बाबा! तिला का बोलताय?"

"मग कुणाला बोलू, भिंतीला?"

मैत्रिणी दोघी, एका ताटात जेवलेल्या. पण जागा एकच म्हटल्यावर कुणाचं मन कधी फिरेल, सांगता येतं का? सरांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शिडी निघाली तेव्हा त्यांनी तिला दारापर्यंतही सोडलं नाही.

रविवारी क्रीडागृह भरलं होतं. निवड समितीच्या बाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसल्या होत्या. सरांनी पहिल्यांदा 'दार' पुकारलं. शिडी आत वळली. दुसऱ्यांदा पुकारलं, पुन्हा आत. भिंगरी बाहेरच थांबली आणि निमूटपणे चेंडू दुसरीकडे देऊन मोकळी झाली. बाईंनी जांभई दिली.

कडेच्या रेघेबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने करायचं तरी काय? ओरडता येतं, हातवारे करता येतात; आत जाऊन पोरीचा खांदा धरून तिला वळवता थोडंच येतं! दोन मिनिटं उरली होती, संघ एका गुणाने मागे होता. सरांनी विश्रांती मागितली आणि शिडीला बाहेर काढलं. तिच्या जागी राखीव मुलगी आली. उंचीने बेताची, पण सांगितलेलं ऐकणारी.

"सर, मग भिंगरीलाही बसवा," शिडी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"तिलाही बाहेर घ्या, सर. पाया पडते तुमच्या." तिने सरांची बाही धरली होती.

सरांनी बाही सोडवून घेतली. आपण बसलो तर तिनेही बसावं! एवढीशी पोर, आणि मनात केवढं विष. "खाली बस," ते म्हणाले. "तोंडातून अक्षर काढू नकोस."

शिडीने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने मान हलवली, नाही म्हणून. शिडी बसली.

"'दार'!" सर ओरडले.

राखीव मुलगी वाटेत उभी राहिली. भिंगरी तिला घासून वळली. राखीव मुलगी बाहेर आली, तिच्यामागे तिला राखणारीही आली, आणि आतली जागा टेबलावर दिसायची तशी लख्ख मोकळी झाली. चेंडू भिंगरीच्या हातात आला. तिने उडी घेतली. अशी उडी, की निवड समितीच्या बाई खुर्चीतून उठल्या. चेंडू जाळीतून खाली पडला, प्रेक्षकांनी एकच गलका केला आणि सरांनी दोन्ही मुठी वर फेकल्या.

पण खाली कोसळलेली भिंगरी उठेना. आणि शिडी तर ती खाली यायच्या आतच बाकावरून निघाली होती.

सर पोचले तेव्हा लेकीचं डोकं शिडीच्या मांडीवर होतं. शिडीने तिच्या गुडघ्यावरचा पट्टा हलक्या हाताने खाली केला. गुडघा सुजून टम्म झाला होता, आणि कडेने पिवळा-हिरवा पडला होता. आयुष्यभर खेळाडूंचे गुडघे पाहिलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही, की ही दुखापत आजची नव्हे.

"तिला रागावू नका, बाबा," भिंगरी ओठ आवळत म्हणाली. "'दार' म्हटलं की चुकायचं, हे मीच तिला सांगितलं होतं."